जुना ब्राउझर आणि मराठी अक्षर

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या आपल्या ब्राउझरला निरोप दिला. सत्तावीस वर्षांची त्याची सेवा संपली. दक्षिण कोरियातील ग्यॉंगजू या गावी एका अभियंत्याने आपल्या थोरल्या भावाच्या कॉफीगृहाच्या गच्चीवर त्याची चक्क समाधी उभारली. दुसरे ब्राउझर उतरवून घेण्याच्या कामी तो चांगला उपयोगी पडला, अशा अर्थाचा लेख तिच्यावर कोरला. साऱ्या जगाने त्या समाधीची छायाचित्रे पाहिली आणि मनमुराद हसून घेतले. त्या हसण्यात थोडी सुटकेची भावनाही होती. कारण कोरियातील बँकांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे त्या एकाच ब्राउझरला जखडलेले होते.

आपल्याकडे समाधी कोणी बांधली नाही. तथापि मराठी वाचकाच्या दृष्टीने पाहू गेल्यास ही घटना केवळ हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जुना ब्राउझर जातो तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय जाते, हा प्रश्न मराठीपुरता तरी फार निराळा आहे. इंग्रजी वाचकाचा ब्राउझर बदलला म्हणजे त्याच्या कळांची जागा बदलते, रंग बदलतो, चार दिवस हात अडखळतो आणि मग सवय होते. मराठी वाचकाचा ब्राउझर बदलला तेव्हा कित्येकदा अक्षरच नाहीसे झाले. ही हकीकत आज सांगावयाची आहे.

ब्राउझर म्हणजे संगणकावर वेबची पाने उघडून दाखविणारे साधन. महाजालावर वावरणाऱ्या मराठी मंडळींनी त्यास ‘न्याहाळक’ असा एक प्रतिशब्द काढला होता. शब्द वाईट नाही. परंतु न्याहाळतो तो वाचक, साधन नव्हे, ही त्यातील अडचण आहे. लोकांनी ब्राउझर हाच शब्द ठेवला, व मीही तोच ठेवतो. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेक’ निर्माण झाला, आणि चित्रे व मजकूर एकाच पानावर दिसू लागल्याने सामान्य माणूस वेबकडे वळला. मोझेकच्या कर्त्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी पुढे ‘नेटस्केप’ काढला; डिसेंबर १९९४ मध्ये तो बाजारात आला आणि पाहता पाहता मोझेक मागे पडला. जानेवारी १९९७ मध्ये मोझेकचे काम थांबविण्यात आले. म्हणजे आवडता ब्राउझर बंद पडण्याची परंपरा ब्राउझरइतकीच जुनी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात सर्वसामान्य ग्राहकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे, आणि तेही आरंभी मोजक्या मोठ्या शहरांत. त्याच महिन्यात अमेरिकेत इंटरनेट एक्सप्लोररची पहिली आवृत्ती निघाली. मायक्रोसॉफ्टने तो फुकट वाटला, विंडोजच्या पोटातच घातला, आणि नेटस्केपची कोंडी केली. त्यावरून १९९८ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने खटला भरला. तो पुष्कळ गाजला. पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत युद्धाचा निकाल लागून गेला होता. २००२-०३ च्या सुमारास जगातील दहापैकी नऊ वाचक एक्सप्लोररच वापरीत होते. नेटस्केप रेंगाळत राहिला, आणि १ मार्च २००८ रोजी त्याचा आधार कायमचा काढून घेण्यात आला.

आता मराठीकडे वळू. त्या काळच्या संगणकास मराठी येत नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९९१ हे वर्ष या दृष्टीने मोठे योगायोगाचे आहे. त्या वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतावली मान्य केली, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेल्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली, तीत देवनागरीस जागा मिळालेली होती. म्हणजे मार्ग आखला गेला होता. त्यावरून गाडी मात्र धावत नव्हती. विंडोजमध्ये देवनागरी रीतसर आली ती २००० साली. मधली नऊ-दहा वर्षे काढावयाची कशी? मराठी माणसाने ती काढली एका युक्तीने.

युक्ती अशी. संगणकाच्या फॉन्टमध्ये ए, बी, सी या रोमन अक्षरांसाठी ठराविक घरे असतात. त्या घरांतून रोमन आकार काढून टाकावयाचे आणि तेथे क, ख, काना, मात्रा, वेलांटी यांचे आकार बसवावयाचे. संगणकास वाटते, आपण इंग्रजी लिहीत आहो. वाचकास दिसते ती मराठी. पुण्याच्या ‘सी-डॅक’चा योगेश, ‘श्रीलिपी’चे फॉन्ट, शिवाजी, किरण अशी कितीतरी कुळे या पद्धतीने नांदली. पत्रिका, पुस्तके, वृत्तपत्रे यांची छपाई त्यावर उत्तम होऊ लागली. परंतु प्रत्येक कुळाची घरे वेगळी. एकाचा ‘क’ ज्या घरात राही, त्या घरात दुसऱ्याचा ‘ठ’ बसलेला. ज्याच्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट नसेल, त्यास मराठी लेखाच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोन यांची खिचडी दिसे.

कागदावर छापताना याची फिकीर नव्हती. वेबवर मात्र वाचक हजार कोसांवर बसलेला. त्याच्या घरी फॉन्ट कोण नेऊन देणार? हे काम १९९७ साली ब्राउझरांनी पत्करले. पान उघडताच त्या पानाचा फॉन्टही आपोआप खाली उतरावा, अशी सोय एक्सप्लोरर आणि नेटस्केप या दोघांनीही आपापल्या चौथ्या आवृत्तीत केली. मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर वाचता येऊ लागली ती या सोयीमुळे. परंतु दोघांच्या फायलींची पद्धत एक नव्हती. एक्सप्लोररची ‘ईओटी’, नेटस्केपची ‘पीएफआर’. कित्येक संस्थळे शहाणपणाने दोन्ही ठेवीत. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये नेटस्केपची सहावी आवृत्ती आली, आणि तिच्यात ती सोय काढून टाकलेली होती! ज्यांनी हौसेने नवी आवृत्ती घेतली, त्यांच्या पडद्यावरून मराठी एका रात्रीत पुसली गेली. बहुतेकांनी निमूटपणे एक्सप्लोरर धरला. मराठी वाचक एक्सप्लोररचा भक्त होता म्हणून नव्हे; त्याची अक्षरे तेथे गहाण पडली होती म्हणून.

पुण्या-मुंबईच्या वाचकास ही गैरसोय फारशी भासली नसेल. त्याच्या दाराशी सकाळी वर्तमानपत्र पडतच होते. पण मी राहतो त्या मरोद्याची गोष्ट वेगळी. मरोदा हे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे एक अंग. येथील तलावाचे पाणी कारखान्यास जाते, आणि दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज घेऊन येणारी गाडी मरोदा स्थानकावरून जाते. हा कारखाना उभारण्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग आणि नागपूर ही एकाच राज्यात होती. त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती, आणि हिंदीबरोबर मराठीही राज्यकारभाराची भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. नागपूर तेथेच राहिले, सुमारे अडीचशे किलोमीटरांवर. मध्ये राज्याची सीमा मात्र आली. भिलाईतील मराठी कुटुंबाच्या मुलांचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत, बाजार हिंदीत, शेजार छत्तीसगडी, तेलुगु, बंगाली, मल्याळी. मराठी राहिली ती घरात आणि गणेशोत्सवात. अशा ठिकाणी ताजे मराठी वृत्तपत्र पडद्यावर उघडणे म्हणजे केवळ बातमी कळणे नव्हे. मुलास बाराखडी ओळखू यावी यासाठी घरात मराठी अक्षर डोळ्यांसमोर असावे लागते. ते अक्षर ब्राउझरच्या मेहेरबानीवर आले, की ब्राउझर बदलावयाचा निर्णय हा घरातील भाषेचा निर्णय होऊन बसतो.

आणि बदल तर करावयासच हवा होता. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने पाच वर्षे तिकडे पाहिलेच नाही. प्रतिस्पर्धी मेला, की विजेता झोपी जातो. दरम्यान नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या संहितेतून निःस्वार्थी मंडळींनी नवा ब्राउझर घडविला. त्याचे पहिले नाव ‘फीनिक्स’, म्हणजे राखेतून उठणारा पक्षी. पुढे नावावरून तंटे होऊन तो ‘फायरफॉक्स’ झाला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी निघाली. वेगवान, सुरक्षित, फुकट. पण मराठी वाचकाने तो उतरवून वृत्तपत्र उघडले की पुन्हा तीच रोमन खिचडी. कारण ईओटी ही मायक्रोसॉफ्टची पद्धत. फायरफॉक्सने ती घेतली नाही. तेव्हा कित्येक घरांत दोन ब्राउझर नांदू लागले. पत्रव्यवहारास नवा, मराठीस जुना. सणास धोतर नेसावे आणि कचेरीत विजार घालावी, तसा हा प्रकार होता.

यातून सोडवणूक झाली ती युनिकोडमुळे. त्यात मराठी अक्षरास स्वतःचे घर मिळाले; दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहण्याची पाळी संपली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला, ‘मनोगत’सारखी संस्थळे युनिकोडमध्येच निघाली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रेही एकामागून एक तिकडे वळू लागली. पण हा मार्गही काट्यांचाच होता. विंडोज एक्सपीवर देवनागरीची सोय मुद्दाम चालू करावी लागे, आणि त्यासाठी मूळ तबकडी मागितली जाई. ती कोणाजवळ असावयाची? सोय चालू नसली की पहिली वेलांटी आपली जागा सोडून अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. याचे कारण मनोरंजक आहे. टंकलेखन यंत्रावर आणि त्याच्या वळणाने चालणाऱ्या जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी आधी टंकावयाची आणि अक्षर मागाहून, कारण डोळ्यांस ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला आहे. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकार. ती वेलांटी डावीकडे आणून ठेवणे हे दाखविणाऱ्याचे काम. ते त्यास न आले तर ‘किती’ शब्दाची अवस्था पाहवत नसे.

फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत आणखी एक व्याधी होती. परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ राखल्या की जोडाक्षरे फुटून वेगळी होत. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि ती व्याधी गेली. आपल्या खास मराठी ‘ऱ्य’चा तर निराळाच इतिहास आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हिंदीस हा भेद लागत नाही, मराठीस लागतो. युनिकोडने त्याची तजवीज केली होती खरी. पण सर्व फॉन्टांनी आणि ब्राउझरांनी ती सारखी पाळली नाही, आणि पुष्कळ दिवस सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरत राहिला.

मोबाइलवर पुन्हा हीच गोष्ट घडली. स्वस्त फोनांत देवनागरी फॉन्ट नसे. ‘ऑपेरा मिनी’ या नॉर्वेच्या ब्राउझरात एक आडबाजूची सोय होती: ती चालू केली की अक्षरे चित्ररूपाने फोनवर येत. फोनला मराठी न येता मराठी वाचता येई! तरुणांनी ही किल्ली एकमेकांस सांगून पसरविली. पुढे ‘यूसी ब्राउझर’ या चिनी ब्राउझरने भारतात मोठा जम बसविला. तो आपल्या देशात बंद झाला तो कंपनीच्या इच्छेने नव्हे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यांत तो होता. असंख्य लोकांना एकाच वेळी ब्राउझर बदलावा लागला. पण या खेपेस अक्षर हरवले नाही. मजकूर युनिकोडमध्ये होता. क्रोम उघडा, फायरफॉक्स उघडा, मराठी जशीच्या तशी. वीस वर्षांतील प्रगती मोजावयाची असेल तर २००० सालचे ते नेटस्केप आणि २०२० सालची ही बंदी यांची तुलना करावी.

तेव्हा सर्व गोड झाले, असे म्हणून थांबता आले असते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एक चिंता उरते. १९९७ ते २००७ या सुमारे दहा वर्षांत इंटरनेटवर जे मराठी लिहिले गेले, त्याचे काय?

मराठी समाज या प्रसंगातून पूर्वी एकदा गेला आहे. आपली मोडी लिपी भरभर लिहिण्यासाठी घडलेली. आधी ओळीची रेघ ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तो न उचलता लिहीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाची चिकित्सा नाही. शतकानुशतके राज्याचा कारभार तिच्यात झाला. येथे छत्तीसगडातही ती पोचली होती. १७५८ ते १७८७ या काळात नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहत, आणि त्यांच्याबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी येथे आली. पुढे छपाईस बाळबोध सोयीची ठरली. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध स्वीकारली. मोडी काही वर्षे शाळांतून आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांतून राहिली, मग वृद्धांच्या हातांत, मग कोणाच्याच नाही. बाळबोध स्वीकारण्यात चूक झाली असे मला म्हणावयाचे नाही. मुलांना एकच लिपी शिकावी लागली हा मोठाच लाभ. पण पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, आणि ते वाचणारे थोडे आहेत. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या जुन्या कागदांसाठी मोडीचे जाणकार धुंडाळावे लागले. शंभर वर्षांपूर्वी ज्या लिपीत गावचा कुलकर्णी डोळे मिटून लिहीत असे, तिच्या वाचनावर आता माणसांचे हक्क अडून राहिले.

मोडीचा कागद मात्र डोळ्यांस दिसतो. वाचता आला नाही तरी हे मोडी आहे एवढे तरी कळते, आणि जाणकार शोधता येतो. जुन्या फॉन्टातील मराठी पानाचे तसे नाही. नव्या ब्राउझरात ते उघडले, तर ही मराठी आहे असेही कळत नाही. एखादी बिघडलेली इंग्रजी फाइल असावी असे वाटते, आणि माणूस ती पुसून टाकतो. संस्थळे नवी झाली, तेव्हा कित्येकांची जुनी पाने अशीच गेली असणार. जी कोठे साठवलेली आहेत, तीही योग्य फॉन्ट हाती नसता मुकी आहेत. हौशी मंडळींनी यावर इलाज शोधले नाहीत असे नाही. ‘पद्मा’ नावाची एक जोड फायरफॉक्सला मिळाली होती. ती अनेक भारतीय भाषांच्या जुन्या फॉन्टांतील मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये पालटून दाखवी. फॉन्टाफॉन्टांचे परिवर्तकही निघाले. पण प्रत्येक फॉन्टाची घरे ज्ञात असली तरच हे साधते, आणि जोडाक्षरे, रफार, अर्धचंद्र यांत चुका राहतातच. माणसाने बसून ताडून पाहिल्यावाचून मजकूर विश्वासार्ह होत नाही. मोडी कागदांचे बाळबोधीकरण ज्या चिकाटीने वि. का. राजवाडे आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनी केले, ते हेच काम. फरक इतकाच, की राजवाड्यांना बखरी-पत्रे शोधीत गावोगाव हिंडावे लागले; येथे कपाटातील जुनी तबकडी किंवा बंद पडलेल्या संगणकाची डिस्क शोधावयाची आहे. त्यांचे आयुष्य कागदापेक्षा पुष्कळ कमी असते.

या कामास मुदतही आहे. सरकारी कचेऱ्या आणि कारखाने यांची जुनी कामे अडू नयेत, म्हणून मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘एज’ या नव्या ब्राउझरात एक्सप्लोररची चाल ठेवली आहे, आणि ती निदान २०२९ पर्यंत चालेल असे सांगितले आहे. त्यापुढचे आश्वासन नाही. ज्यांच्यापाशी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मराठी मंडळाच्या स्मरणिका, कौटुंबिक पत्रे, जतन केलेली वृत्तपत्रांची पाने अशा फायली असतील, त्यांनी मजकुराबरोबर त्याचा फॉन्टही जपून ठेवावा आणि फाइलीच्या नावात त्या फॉन्टाचे नाव लिहावे. पुढे पालटून घेणाऱ्यास सर्वांत आधी तेच विचारावे लागते.

जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीचाही समावेश झाला, आणि तिचे फॉन्टही फुकट मिळतात. त्यामुळे आजची स्थिती मोठी विलक्षण आहे. रतनपूरच्या एखाद्या कारकुनाने अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ कोणी युनिकोडमध्ये उतरवून ठेवली, तर ती येथे मरोद्यात आजच्या कोणत्याही चांगल्या ब्राउझरात मोडीतच उमटते. १९९९ सालचे साठवून ठेवलेले मराठी वृत्तपत्राचे पान त्याच ब्राउझरात उघडले, तर पडद्यावर येतात ती रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोन.